तारखेचे इमान

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या सरकारी कार्यालयाच्या वेतनप्रणालीचे दप्तर उघडून जन्मतारखांच्या रकान्यावरून नजर फिरवली, तर 1 जून ही एकच तारीख इतक्या वेळा भेटते की परक्या माणसास तो यंत्राचा दोष वाटावा. दोष यंत्राचा नाही. ज्या पिढीचा जन्म कोणी लिहून ठेवला नाही, तिला शाळेत घालताना गुरुजींनी वयाचा अंदाज घेऊन सत्रारंभीची तारीख मांडली, आणि तीच पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून सेवापुस्तकात व सेवापुस्तकातून संगणकात उतरली. सत्य म्हणून तिचे मोल काही असो, त्या माणसाची निवृत्ती आणि निवृत्तिवेतन तिच्याच आधाराने ठरते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या आज्ञावल्या सांभाळण्यात उमेद खर्ची घातलेल्या माझ्यासारख्यास म्हणूनच असे वाटत आले आहे की व्यवहारातील तारीख हा दस्तऐवजात लिहिलेला व उभयपक्षी मान्य झालेला मजकूर आहे, आणि जी आज्ञावली तो मजकूर जसाच्या तसा जतन न करता आपल्या सोयीने त्याचे रूपांतर करून तेवढेच साठवते, ती आज ना उद्या कोणाचे तरी नुकसान करते.

हे नुकसान किती बारीक वाटेने येते ते पाहण्याजोगे आहे. नियम असा, की नियत वयोमान ज्या महिन्यात पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. परंतु ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आधीच्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, आणि म्हणून राज्यात दरसाल 31 मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची एवढी गर्दी असते. आता जुनी प्रणाली बदलून नवी आणताना रचनाकाराने जन्मतारीख ही तारीख म्हणून न ठेवता वेळ म्हणून ठेवली, असे समजा. 2 जूनच्या आरंभीची मध्यरात्र भारतीय प्रमाणवेळेने लिहिली गेली. यंत्राने ती जागतिक प्रमाणवेळेत नेण्यासाठी साडेपाच तास मागे सारली. तेथे 1 जूनचे सायंकाळचे साडेसहा वाजले होते. पुढे दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने वेळेचा भाग अनावश्यक म्हणून छाटून टाकला, आणि 2 जूनला जन्मलेला माणूस 1 जूनचा झाला. फरक एकाच दिवसाचा, पण 30 जूनला निवृत्त व्हावयाचा तो 31 मेला घरी बसतो आणि एका महिन्याच्या पगारास मुकतो. 1 जूनवाला मात्र मागे सरून 31 मेचा झाला, तरी निवृत्त त्याच दिवशी होतो. म्हणजे ज्यांची संख्या सर्वाधिक त्यांच्या बाबतीत चूक झाकली जाते, आणि नमुन्यादाखल काही नोंदी पडताळणाऱ्यास सारे आलबेल दिसते.

महिना हे तर फारच निसरडे माप. ज्या कर्जाचा पहिला हप्ता 31 जानेवारीस आहे त्याचा दुसरा 28 फेब्रुवारीस येतो, हे सर्वांस मान्य. पण तिसरा हप्ता दुसऱ्याच्या तारखेत महिना मिळवून काढला, तर तो 28 मार्चला येतो आणि करारातली 31 तारीख त्या खात्यातून कायमची नाहीशी होते. मूळ तारीख शाबूत ठेवून प्रत्येक हप्ता तिच्यापासूनच मोजावा, एवढाच त्यावर उपाय.

याहून खोल प्रश्न पूर्वलक्षी आदेशांचा. महागाई भत्त्याचा आदेश पावसाळा सरता सरता निघतो आणि त्याचा अंमल 1 जुलैपासून असतो. अशा वेळी आज्ञावलीपाशी अंमलाची व नोंदीची अशा दोन्ही तारखा असाव्या लागतात. केवळ पहिली ठेवली, तर ऑगस्टचा पगार त्या वेळी कमी का दिला गेला याचे उत्तर दप्तरात उरत नाही, आणि लेखापरीक्षक नेमके तेच विचारतो. जुने कारकून मूळ नोंद वाचता येईल अशी ठेवून शेजारी दुरुस्ती लिहीत व तिच्यावर तारीखवार सही करीत. त्या शिस्तीपुढे आजच्या कित्येक प्रणाली मला उण्या वाटतात.

80 रकान्यांच्या पंचकार्डांच्या काळात जागेच्या काटकसरीपायी वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची रीत पडली, ती कोबॉलच्या आज्ञावल्यांतून 2000 सालाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. ती रीत सुधारण्याच्या धामधुमीत पुष्कळ ठिकाणी अंक चार न करता केवळ एक सीमा ठरविण्यात आली, उदाहरणार्थ 30च्या खालचे अंक एकविसाव्या शतकातले आणि बाकीचे विसाव्या. कर्जाच्या तारखांस ते चालून गेले. जन्मतारखांस चालणे शक्यच नव्हते, कारण 1925 साली जन्मलेले निवृत्तिवेतनधारक तेव्हा हयात होते आणि 25 या अंकांचा अर्थ यंत्राने 2025 असा केला असता. जेथे ही सीमा 30 अशी ठेवली, तेथे त्या तोडग्याची मुदत 2030 साली संपते.

जेथे 1 जानेवारी 1970पासूनचे सेकंद 32 बिटांच्या चिन्हांकित अंकात मोजले जातात, तेथील गणती 19 जानेवारी 2038 रोजी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंद झाले की, संपते आणि अंक उलटून 1901 सालात जातो. त्यास अजून अवकाश आहे असे कोणी म्हणू नये, कारण आज दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा अखेरचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे पडतो. ज्यांच्या हवाली अशा आज्ञावल्या आहेत त्यांना माझी विनंती आहे, की तारखेचा प्रत्येक रकाना कोणत्या रूपात साठवला आहे हे त्यांनी याच वर्षी तपासावे, आणि मूळ कागदांशी रुजुवात झाल्याखेरीज कोणतीही जुनी प्रणाली बंद करू नये.