जुन्या मेल्सचा ढिगारा आणि एक शोधक

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे काय करत होतो असं विचाराल तर उत्तर जरा विचित्र आहे. मेल्स शोधत होतो! म्हणजे एखादी मेल नव्हे, तर वीस वर्षांच्या मेल्समध्ये शोधता येईल असं एखादं साधन शोधत होतो. एकूण माल ८४ हजार मेल्स, जागा १९ जीबी. आमच्या घरात याला 'तुझी अडगळ' म्हणतात.

या अडगळीचं मूळ २००४ सालात आहे. त्या वर्षी १ एप्रिलला जीमेल आलं आणि १ जीबी जागा फुकट म्हटल्यावर कित्येकांना ते एप्रिल फूलच वाटलं. तोवर पेटी भरली की जुनं पुसायचं हा नियम होता. मग पुसायचं बंदच झालं. लागेल तेव्हा शोधू, असा सगळ्यांचाच हिशोब. आता 'लागेल तेव्हा' आलंय.

कुरखेड्यात राहून वनहक्काच्या कागदांना हातभार लावणाऱ्या माणसाच्या पेटीत काय काय साठतं ते सांगतो. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. २००९ मध्ये शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. मग आजूबाजूच्या गावांत दाव्यांची तयारी जोरात सुरू झाली. २०१२ ला नियमांत दुरुस्ती झाली, सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी वेगळा नमुना आला, की पुन्हा नवे कागद. ठराव, नकाशे, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, पोचपावत्या. यातलं बरंचसं कोणीतरी स्कॅन करून मला मेल केलेलं, किंवा मी कोणालातरी.

आणि या कामात तारखेला फार किंमत आहे. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला ६० दिवस. कधी अर्ज दिला, कधी उत्तर आलं, हे कागदानेच सिद्ध करावं लागतं. पावसाळ्याआधी एका ग्रामसभेची मंडळी आली. २०१३ साली दिलेल्या पत्राची पोच हवी होती. गावातली प्रत छपरातून गळून खराब झालेली, आणि जिथे पत्र दिलं तिथली फाइल सापडत नव्हती. 'सर, तुमच्या कंप्युटरात असंल ना?' असणार होती, नक्कीच. पण कुठे?

सगळ्यात आधी मला काय हवंय ते कागदावर लिहून काढलं. एक, हे सगळं माझ्याच संगणकावर चालायला हवं. त्या मेल्समध्ये इतरांचे जातीचे दाखले आहेत, सातबारे आहेत, बँकेच्या पासबुकांच्या प्रती आहेत. लोकांनी ते माझ्या भरवशावर दिलेत. कुठल्याशा परक्या सेवेवर १९ जीबी चढवून 'आता शोध' म्हणायचा मला अधिकार नाही. शिवाय आमच्याकडे पावसात नेटचा भरवसा नाही, ते वेगळंच. दोन, जोडपत्रांच्या आत शोधता यायला हवं. आणि तीन, मराठी!

पहिली पायरी सोपी होती. गूगलच्या टेकआउट सेवेतून सगळी पेटी उतरवून घेतली. ती मिळते 'एमबॉक्स' रूपात, म्हणजे हजारो मेल्स एकाखाली एक चिकटवलेली भलीमोठी फाइल. तिच्यात थेट शब्द शोधून फायदा नसतो, कारण देवनागरी मजकूर मेलमध्ये बहुधा सांकेतिक रोमन अक्षरांत गुंडाळून पाठवलेला असतो. 'ठराव' हा शब्द फाइलमध्ये 'ठराव' म्हणून नसतोच. साधनाने आधी ते गाठोडं सोडायचं, मग शब्दांची सूची करायची. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशीच.

थंडरबर्ड घरात होतंच. त्याचा एकत्रित शोध चांगला आहे, पण तो मेलच्या मजकुरात शोधतो, जोडपत्राचं फक्त नाव बघतो. आमच्याकडे जोडपत्रांची नावं 'स्कॅन१', 'स्कॅन२', 'नवीन स्कॅन'. संपलं! मग नॉटमच पाहिलं. विजेसारखं चालतं, मूळ मेल्सना हात लावत नाही, खुणा करता येतात. पण त्याला प्रत्येक मेलची वेगळी फाइल लागते आणि सगळं काम आज्ञा टंकून करायचं. मला जमलं असतं, पण माझ्यानंतर हे दुसऱ्या कोणी वापरायचं तर? शेवटी थांबलो रिकॉलवर. मुक्तस्रोत, लिनक्सवर चकटफू. एमबॉक्स फाइल जशीच्या तशी वाचतं, पीडीएफ, वर्ड, झिपच्या आतही डोकावतं, आणि साधी खिडकी उघडून शब्द टाकता येतो. नॉटमच आणि रिकॉल या दोघांच्या पोटातलं सूचीचं यंत्र एकच आहे, झेपियन नावाचं. तेव्हा वेगासाठी भांडायचं कारण उरलं नाही.

पहिली सूची व्हायला रात्र गेली. खरी गंमत त्यानंतर.

'जिल्हाधिकाऱ्यांना' हा शब्द शोधला तर थोडीच पत्रं आली. आता हा शब्द तर निम्म्या कागदांवर असायला हवा! पाहिलं तर त्यातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात वेगळा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र' आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. उपाय म्हणजे 'जिल्हाधिका' एवढंच लिहून पुढे तारा द्यायचा. हा तारा मराठीत फार उपयोगी आहे. गाव, गावात, गावाला, गावकरी, सगळे एका जाळ्यात येतात. पण 'रस्ता'चं 'रस्त्यावर' होतं, म्हणून तारा 'रस्त'नंतर द्यायचा. शाळेत सामान्यरूपं पाठ करून घेणाऱ्या बाईंची आठवण झाली!

मग शुद्धलेखन. सामूहिक आणि सामुहिक, तहसीलदार आणि तहसिलदार, वनहक्क आणि वन हक्क. शिवाय आमच्याकडे देसाईगंज आणि वडसा हे एकच गाव. कार्यालयाच्या कागदावर देसाईगंज, रेल्वे स्टेशनवर आणि लोकांच्या तोंडी वडसा. हे कुठल्याही यंत्राला आपोआप कळत नाही. मी एका वहीत अशा जोड्या लिहून ठेवल्यात.

आणि जुने फाँट! युनिकोड रुळण्याआधीचे कृतिदेवमधले अर्ज. त्या फाइलमध्ये 'वनहक्क' नसतोच, तिथे ओ, यू, जी, मोठा डी, लहान डी अशी इंग्रजी अक्षरं असतात. फाँट लावला की वनहक्क, काढला की खिचडी. तेव्हा तसंच शोधायचं, खिचडीतच. हसू नका, सापडतं!

उरले स्कॅन. ती तर चित्रं. त्यासाठी टेसेरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं साधन मराठीसकट बसवलं आणि रिकॉलला जोडलं. छापील मजकूर बराच ओळखला, हाताने लिहिलेल्याचा मात्र पार चुराडा. तरी गोल शिक्क्याच्या शेजारचा छापील मथळा आणि गावाचं नाव वाचता आलं, आणि ती २०१३ ची पोच मिळाली. मेलचा विषय होता 'कागद'. बस, एवढंच. जोडपत्राचं नाव 'स्कॅन३'. त्यावरची तारीख सभेत मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा एका आजोबांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. पुढे काय होईल ते सांगता येत नाही, पण गावाच्या हातात आता कागद आहे.

एक घरगुती गोष्ट, नातेवाईक मंडळींसाठी. आईच्या मेल्स शोधायला गेलो तर 'जेवलास का' सापडेना. आई रोमन लिपीत मराठी लिहायची आणि दर वेळी वेगळ्या स्पेलिंगने! मग शब्द सोडून दिले आणि तिच्या पत्त्यावरून शोधलं. ३१२ मेल्स निघाल्या. शेवटची २०१५ ची, त्यात वाटाण्याची उसळ कशी करायची ते लिहिलंय. ताई, तुला सगळ्या वेगळ्या काढून पेनड्राइव्हवर देतो, दिवाळीला आलीस की घे.

कोणाला असा उद्योग करायचा असेल तर माझं मत असं: साधन निवडण्याआधी आपल्या पेटीतले दहा अवघड कागद काढा. एक स्कॅन, एक जुन्या फाँटचा, एक रोमन मराठी, एक 'ऱ्य' वाला वगैरे. ज्या साधनाला त्यातले जास्त सापडतील ते आपलं. वेगाचे आकडे वाचत बसू नका. आणि मूळ एमबॉक्सची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. सूची मोडली तर पुन्हा करता येते, मेल्स पुन्हा करता येत नाहीत.

असो. आता ती जोड्यांची वही टंकायची आहे, म्हणजे ग्रामसभेच्या पोरांनाही वापरता येईल. तुमच्याकडे अशा आणखी जोड्या असतील तर जरूर कळवा.