घोटभर पाणी

अंगावरून वारं गेलं की हात-पाय जातो, तोंड वाकडं होतं, बोलणं बोबडं होतं, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गिळणंही जातं, हे आण्णांचं झाल्यावरच कळलं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा नाकात नळी होती. तिच्यातून दूध, डाळीचं पाणी, पेज पोटात जायची. पोट भरायचं, जिभेला मात्र उपास. आण्णा एकच शब्द बोलायचे, "पानी." भेटायला येणाऱ्याचा जीव तुटायचा. "तहानलेल्याला पानी न्हाई म्हंताय? मानसं हायसा का कोन?" म्हणत चुलत्यांनी तांब्या उचललाच. आईनं तो त्यांच्या हातातनं ओढून घेतला. दिरापुढं पदर न ढळू देणारी माझी आई! "भावजी, पानी पोटात न्हाई जात, छातीत जातंय त्यांच्या," एवढंच म्हणाली.

हे तिला दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी समजावलं होतं. पाणी पातळ, वेगानं धावतं. श्वासनळीचं दार मिटायच्या आत तिथं पोचतं. घट्ट पदार्थ सावकाश उतरतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, गुपचूप फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. पक्षाघातानंतर सुरुवातीला निम्म्याच्या आसपास रोग्यांना हा त्रास असतो म्हणे.

मी मोबाईलवर बघितलं होतं, मेंदूला करंट देऊन गिळणं परत आणतात. बाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत. कागदावर मेंदू काढला. गिळण्याचं काम मेंदूच्या दोन्ही बाजू करतात, पण बहुतेकांत एक बाजू जास्त जोरकस असते. इंग्लंडात मँचेस्टरच्या शाहीन हमदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात डोक्यावर चुंबकाचे ठोके देऊन हे शोधलं. जोरकस बाजूला मार बसला की गिळणं जातं. पुढं दुसरी बाजू हळूहळू काम उचलते, तसं ते परत येतं.

"म्हंजे जोडीतला वढणारा बैल बसला, तर दुसऱ्यानं गाडी वढायला शिकायची."

"अगदी तसंच."

"आन् मशीन म्हंजे पराणी."

आता मात्र हसल्या. चुंबकाचं यंत्र १९८५ साली शेफील्डला अँथनी बार्कर आणि मंडळींनी बनवलं. दुसऱ्या पद्धतीत डोक्याला पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअरचा अगदी हलका करंट सोडतात. छोट्या चाचण्यांत आशा दिसते, पण टोचायचं कुठल्या बैलाला, बसलेल्या की चालणाऱ्या, यावर अजून जाणत्यांचंच एकमत नाही. आणि पराणी लावली तरी गाडी बैलालाच ओढायची असते. गिळायचा सराव सुटत नाही.

आमच्या तालुक्यात ते यंत्र नव्हतं. सराव होता. ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडं, जोर लावून गिळायचं, घोटानंतर खाकरायचं. आई चमच्यानं ज्वारीचं घट्ट आंबील भरवायची आणि गळ्याची घाटी वर सरकते का ते बघत राहायची. चमच्याला एक मिनिट. वाटी संपेस्तोवर गडी रानात पोचलेले असायचे. आण्णा चिडायचे, तोंड फिरवायचे. एकदा तर रडले. सहाव्या आठवड्यात नळी निघाली. पातळ पाण्याची परवानगी सगळ्यात शेवटी मिळाली, बाईंनी स्वतः तपासून दिली.

आजही पाणी पिताना आण्णा हनुवटी छातीला लावतात. नवखा पाव्हणा विचारतो, "द्येवाचं नाव घेताय जनू?" घोट पुरता उतरल्याशिवाय आण्णा त्याला उत्तर देत नाहीत.