चपळ यंत्र, संथ हात

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ‘हरळी’ हा शब्द नुसता ऐकला तरी कष्ट आठवतात. नांगरट झाल्यावर तिच्या काश्या वेचून बांधावर टाकायच्या आणि तरीही पुढच्या पावसात ती हजर! दिल्लीत आल्यावर मात्र या हरळीचा थाट निराळाच दिसला. येथे तिला ‘दूब’ म्हणतात, तिला पाणी घालतात, खत देतात, तिच्यावरून चालताना चपला हातात घेतात. आर. के. पुरम, म्हणजे रामकृष्णपुरम, ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. आम्ही राहावयास आलो तेव्हा घरांच्या रांगांमध्ये हिरवळीचे मोठमोठे चौक राखलेले होते. भाद्रपदात आम्हा मराठी कुटुंबांना गणपतीच्या दूर्वांसाठी दूर जावे लागत नसे.

हिरवळ राखावयाची म्हणजे गवत वेळच्या वेळी कापावयास हवे. आमच्याकडचे वृद्ध माळीकाका हे काम हातयंत्राने करीत. ते स्वतः दांडा ढकलीत आणि त्यांचा जोडीदार पुढून दोरीने यंत्र ओढी. या यंत्राची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. इंग्लंडमधील एडविन बडिंग या कारागिराने लोकरी कापडावरची लव कातरणारे यंत्र गिरणीत पाहिले. कापडाची लव कातरता येते, तर जमिनीवरची का नाही, असा विचार करून त्याने 1830 साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यापूर्वी हे काम विळ्या-कोयत्यांनीच चाले. पुढे मोठ्या मैदानांसाठी जनावरांनी ओढायची यंत्रे आली; दिल्लीच्या हिरवळींवर बैलांनी ओढलेली यंत्रेही फिरली.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराजवळच्या मोठ्या मैदानावर एक नवेच यंत्र आले. चालकाने वर बसून चालवावयाचे, पण त्याला मोटारीसारखे गोल चाक नव्हते. चालकाच्या दोन्ही हातांशी दोन दांडे होते. डावा दांडा डाव्या मागच्या चाकाचा, उजवा दांडा उजव्या मागच्या चाकाचा. दोन्ही सारखेच पुढे लोटले की यंत्र सरळ जाई. उजवा अधिक लोटला की ते डावीकडे वळे. एक पुढे आणि एक मागे केला की भोवऱ्यासारखे जागच्या जागी फिरे! म्हणूनच त्याला ‘झिरो टर्न’ म्हणतात. वळण्यासाठी वेगळी जागा लागत नसल्याने झाडांभोवतीचे गवतही ते झटपट कापी. मुले खेळ थांबवून पाहत राहिली.

माळीकाका मात्र टाळ्या वाजविणाऱ्यांत नव्हते. त्यांनी आधी यंत्राच्या पोटाखाली काय आहे, ते विचारून घेतले. जुन्या यंत्रात गवत कात्रीसारखे कातरले जाई. या यंत्राची पाती मात्र आडवी, गरगर फिरून कोयत्याच्या घावासारखी गवत तोडणारी. अशा पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. त्याखाली सापडलेला खडा मग खडा राहत नाही, गोफणीतून सुटलेला दगड होतो. आणि आमचे मैदान म्हणजे मुलांचे साम्राज्य! यष्ट्यांऐवजी रचलेल्या विटा, विसरलेले चेंडू आणि पंधरा ऑगस्टच्या पतंगबाजीनंतर गवतात गुरफटलेला मांजा. हा मांजा पात्यांच्या आसाला गुंडाळला की यंत्र अडलेच म्हणून समजावे.

नव्या यंत्राच्या आसनाखाली एक कळ असते. पाती फिरत असताना चालक उठला, की इंजिन आपोआप बंद पडते. यंत्र चालविणारा तरुण दर थोड्या वेळाने वीट किंवा फांदी बाजूला करण्यासाठी उतरे आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद होई. कामावर देखरेख करणाऱ्या गृहस्थांना हा वेळेचा अपव्यय वाटला. कळ तारेने बांधून टाक, म्हणजे कटकट संपेल, असे त्यांनी त्या तरुणाला सांगितले. तो रोजंदारीवरचा मुलगा. नाही म्हणण्याचे बळ त्याच्यापाशी कोठून असणार? त्याने तार हातात घेतलीही होती. तेवढ्यात माळीकाका पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, खुर्ची रिकामी झाली, हे यंत्राला कळायलाच हवे.”

नुसते अडवून ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवी रीत घातली. यंत्र सुरू होण्यापूर्वी दोन मदतनीस टोपल्या घेऊन संपूर्ण मैदान पायाखाली घालीत. मुलेही उत्साहाने विटा, काड्या, मांजाचे गुंतवळ गोळा करून देत आणि मग कट्ट्यापलीकडे जाऊन बसत. काम संपेपर्यंत कोणीही हिरवळीवर पाऊल टाकावयाचे नाही, हा नियम झाला. परिणाम असा झाला, की तरुणाला मध्येच उतरण्याची वेळ क्वचितच येई आणि मैदान पूर्वीपेक्षा लवकर कापून होई. जी सावधगिरी वेळखाऊ वाटत होती, तिनेच वेळ वाचविला.

त्या तरुणाला यंत्र शिकतानाही मी पाहिले. पहिले काही दिवस पाती बंद ठेवून, मोकळ्या जागेत, अगदी सावकाश. दांडे नाजूक असतात. हात दचकला की यंत्रही दचकते. पुढची चाके नुसती गरगरणारी असल्याने दिशा आणि थांबणे, दोन्ही मागच्या चाकांच्या पकडीवर अवलंबून. म्हणून तीव्र उतारावर किंवा नाल्याच्या काठाशी हे यंत्र न्यावयाचे नाही आणि ओल्या गवतावरही नाही. चाक घसरले की दांडे ऐकेनासे होतात. पात्यांत गवत अडकले, तर इंजिन बंद करून, किल्ली काढून, पाती पूर्ण थांबल्यावर काठीनेच काढावयाचे. कोणी कितीही हट्ट केला, तरी मुलाला मांडीवर घेऊन फेरी मारावयाची नाही.

गवताचीही काही मागणी असते. एका वेळी त्याच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापावा, नाहीतर मुळे दुबळी होतात. पाते बोथट असेल, तर गवत कापले न जाता फाटते आणि त्याचे शेंडे पिवळे पडतात. वळताना एक चाक जागीच रोवून ठेवले, तर तेथील हिरवळ सालपटासारखी निघते. म्हणून दोन्ही चाके थोडी फिरती ठेवावीत. दर खेपेस कापण्याची दिशा बदलावी. बारीक कापलेले गवत तेथेच पडू दिले, तर ते कुजून खत होते.

या यंत्राने मनुष्याची पाठ वाचविली, दोरी ओढणाऱ्या जोडीदाराचे श्रम वाचविले, हे खरेच. पण ते जितके चपळ, तितका ते चालविणारा हात संथ हवा आणि त्या हाताला ‘हे मी करणार नाही’ असे म्हणता येईल, एवढे पाठबळ त्याच्या वडीलधाऱ्यांनी द्यावयास हवे. थंडीत दिल्लीची दूब पिवळी पडते, यंत्राला विश्रांती मिळते आणि पातींना धार लावली जाते. तो तरुण आता नव्या मुलांना शिकवितो. त्याचा पहिला धडा दांड्यांचा नसतो. तो त्यांना आसनाखालची कळ दाखवितो.