दुप्पट वेगाने आई

शांताल अकरमान ब्रुसेल्सहून न्यूयॉर्कला गेली तेव्हा २१ वर्षांची होती. १९७६मध्ये तिथं परत जाऊन तिनं 'न्यूज फ्रॉम होम' चित्रित केला. पडद्यावर रस्ते, भुयारी रेल्वेची स्टेशनं. आणि त्यावर शांतालच्या आवाजात तिच्या आईची पत्रं. तब्येत, पैसे, घरची खुशाली, 'पत्र लिही'. आउशवित्झमधून वाचलेल्या बाईची ही साधी काळजी. मधेच गाडी धडधडत येते आणि शब्द बुडतात. लेकीचं उत्तर मात्र कधीच ऐकू येत नाही. शेवटी बोटीवरून मॅनहॅटन दूर जात राहतं, कितीतरी मिनिटं, एकही कट न घेता.

आईचे व्हॉइस मेसेज मी दुप्पट वेगाने ऐकते. मीटिंगांच्या मधे तेवढाच वेळ वाचतो. सिनेमा संपल्यावर तिचा कालचा मेसेज पहिल्यांदाच साध्या वेगाने लावला. भाजीचे भाव, मावशीचा गुडघा, कुकरची शिट्टी. आणि दर दोन वाक्यांनी एक थांबा. जिना चढून आल्यासारखा.

आईला बोलताना दम लागतो, हे दुप्पट वेगात कळलंच नव्हतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तरी फोन लावला.