समुद्र नसलेला किनारा

किनारा म्हटलं की आपली धाव अलिबाग, फार तर तारकर्लीपर्यंत. पण बॉस, महाराष्ट्राला आणखी एक किनारा आहे, तोही चक्क नंदुरबार जिल्ह्यात! सरदार सरोवराचा.

धडगावहून घाट उतरत भुषाला पोचलो. सातपुड्याच्या डोंगरांत शिरलेलं नर्मदेचं पाणी बघून कॅमेरा आपोआप बाहेर निघतो. मग हळूहळू कळतं, या फोटोखाली गावं आहेत. धरणाने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यातल्या मणिबेलीचं नाव तर १९९४च्या जाहीरनाम्यामुळे जगभर गेलं.

गंमत म्हणजे हा किनारा एका जागी थांबत नाही. धरण काठोकाठ भरतं १३८.६८ मीटरला, २०१९च्या सप्टेंबरमध्ये ते पहिल्यांदा तिथवर भरलं. पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते. तिथे गाळपेर होते. पाण्यात मासेमारी, आणि आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला होडीच. म्हणजे आपल्याला ‘व्ह्यू’ वाटतो ते इथल्या माणसाचं शेत, बाजार आणि रस्ता, सगळं एकात आहे.

मणिबेलीपासून पाण्यातून खाली गेलं की धरण, आणि त्याच्या पलीकडे केवडिया. २०१८ मध्ये तिथे १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला आणि पाठोपाठ हॉटेलं, तंबू, गर्दी आली. आपल्या बाजूलाही पर्यटक यावेत असं कुणालाही वाटेल. मलाही वाटतं. रोजगारासाठी इथली माणसं दरवर्षी गुजरातची वाट धरतात, त्यांना गावातच काम मिळालं तर उत्तमच.

प्रश्न इतकाच, तिकीट कोण फाडणार? बाहेरच्या रिसॉर्टने काठ कुंपणात घेतला, तर ज्यांची जमीन पाण्यात गेली त्यांचा काठही जाईल. त्यापेक्षा होडी गावाची, जेवण गावातल्या घरचं, आणि गाळपेर व जाळ्यांच्या जागा आधी राखून मगच जेटी, असं का नको?

तर एकदा जाच. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार स्टेशन, पुढे शहादामार्गे धडगाव. पावसाळा संपल्यावर जा. नाश्त्याची पाकिटं शहरातून भरून नेऊ नका. भाकरी तिथेच मागा, पैसे त्याच हातात द्या. आणि प्लास्टिक मात्र परत आणा.