आधी जाळी, मग मांजर

सिंहगड रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मांजर पाळावं का? हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला तो मांजर देणाऱ्या मुलीनंच. ती रस्त्यावरची जखमी मांजरं घरी आणते, बरी करते आणि मग त्यांना घरं शोधते. माझा पत्ता ऐकून ती म्हणाली, "काकू, आधी घर बघते, मग बोलू." मला ती तिथेच आवडली.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी खडकवासल्याकडे आणि गडाकडे निघालेल्या गाड्या आमच्या खिडकीखाली तुंबून उभ्या असतात. बाकीच्या दिवशी त्या सुसाट धावतात आणि मांजराला खरा धोका तेव्हाच. मांजर संधिप्रकाशात सगळ्यात जास्त हिंडतं. त्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा फार चांगलं दिसतं. पण हेडलाइटचा झोत अंगावर आला की तेच डोळे दिपतात आणि ते भर रस्त्यात थबकतं. ऑफिसं सुटायची वेळ आणि त्याची हिंडायची वेळ नेमकी एकच.

घर बघायला आली तेव्हा ती मुलगी फटी बघत होती. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ओढून म्हणाली, "ही दातांनी कुरतडली जाते." सरकत्या खिडकीच्या मच्छरजाळीची चौकट तर एका धक्क्यात निघाली. सेफ्टी डोअरच्या गजांमधून डोकं शिरलं की बहुतेक मांजरांचं अंगही शिरतं, हे मला तेव्हा कळलं. आम्ही खिडक्यांना आणि बाल्कनीला स्टीलची जाळी बसवली, दाराला आतून अ‍ॅक्रिलिकची शीट लावली आणि तिला पुन्हा बोलावलं.

मनात पिल्लू होतं. तिनं सुचवली एक मोठी, तिरंगी भाटी. गाडीची धडक बसून कमरेचं हाड मोडलेलं, अनेक आठवडे पिंजऱ्यात विश्रांती घेऊन ते जुळलेलं. नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाचं टोक छाटलेलं. त्यामुळे माजावर येऊन बाहेर धावण्याचा प्रश्न नव्हता आणि त्या मुलीच्या फ्लॅटमध्ये राहून तिला बंद घराची सवयही झाली होती. रस्त्याकाठच्या घरानं पिल्लापेक्षा असं मोठं मांजर घ्यावं, असं आता माझं ठाम मत आहे. पिल्लू पुढे कसं निघेल ते कुणालाच माहीत नसतं. मोठ्याचा स्वभाव कळलेला असतो.

चिंगी आल्याचं कळल्यावर चिपळूणहून सासूबाईंचा फोन आला. "अगं, मांजर कधी कोंडून ठेवतात का?" त्यांच्या घरी मांजरं पडवीतून माळ्यावर, माळ्यावरून कौलांवर, तिथून कुणाच्याही परसात जात. कणगीतल्या भाताला उंदीर लागू नये म्हणून ती हवीच असत. हा प्रश्न मी झटकला नाही. ज्या जिवाला उड्या मारायला, चढायला, पाठलाग करायला घडवलंय, त्याला तीन खोल्यांत ठेवायचं हा अन्यायच आहे, जर त्या तीन खोल्यांत चढायला आणि पाठलागाला काही नसेल तर. मग त्या स्वतःच, जरा थांबून, म्हणाल्या की हायवेचं रुंदीकरण झाल्यापासून त्यांच्याकडेही मांजर टिकत नाही. "पूर्वी बिबट्या न्यायचा, आता ट्रक." पुढे बराच वेळ आम्ही मांजरांवरच बोललो.

सुरुवातीचे दिवस चिंगी मागच्या खोलीत दिवाणाखालीच होती. त्या बाजूला हॉर्न कमी ऐकू येतात. आम्ही जेवण आणि मातीचा ट्रे ठेवायचो आणि निघून यायचो. हात लावायची घाई केली नाही. एका रात्री तीच येऊन माझ्या पायाशी अंग घासून गेली.

आता पुस्तकांच्या कपाटापासून माळ्यापर्यंत तिच्यासाठी फळ्या आहेत. दिवेलागणीला काठीला बांधलेलं पीस घेऊन ती दमेपर्यंत मी तिला पळवते आणि लगेच खायला देते. शिकार झाली, पोट भरलं, की ती अंग चाटत झोपते. ज्या वेळी ती दाराशी घुटमळायची, ती वेळ अशी निघून जाते. दूध देत नाही, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. सासूबाई आल्या की बिनमिठाचा उकडलेला बांगडा असतो, प्रत्येक काटा त्यांच्या हातानं काढलेला.

एकदा सिलिंडर आत घेताना ती निसटली. माझे पाय रस्त्याकडेच धावणार होते, पण त्या मुलीचं सांगणं आठवलं: घाबरलेलं घरातलं मांजर लांब जात नाही, जवळच दडतं. आम्ही आधी खालचं फाटक लावलं, मग जिना शोधला. ती गच्चीच्या दाराशी, जुन्या कुंड्यांच्या मागे अंग चोरून बसली होती.

तळमजल्यावरच्या कुटुंबातल्या मुलीला आता मांजर हवंय. त्यांची खिडकी तर थेट फुटपाथवर उघडते. मी तिच्या आईला जाळीवाल्याचा नंबर दिला आणि म्हटलं, मांजराचं नंतर बघू. तो रविवारी मापं घ्यायला येतोय.