आक्काच्या शेळ्या

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि मिळेल ती सुकडी खायची. जमीनवाला आणि बिनजमिनीचा एकाच ढिगावर बसायचे. दुष्काळानं सगळ्यांना सारखं केलं, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. पण पाऊस पडला तसे आम्ही आमच्या रानात गेलो आणि आक्का दुसऱ्या कामावर गेली.

आक्का आमच्या खालच्या वस्तीची. नावावर गुंठाभर रान नाही. पुढं तिनं शेळ्या केल्या, नऊ होत्या. दवाखाना, लग्न, पोराची फी, काही निघालं की एक शेळी बाजारात जायची. माळ गावाचा, त्यामुळं चाऱ्याला पैसा नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावात पाणलोटाचं काम आलं. पुरंदरच्या आमच्या अंगाला पाऊस मुळातच कमी, आणि आता तर महिन्याचा पाऊस चार तासांत पडून माती घेऊन जातो. चर खोदायचे, नालाबांध घालायचे, माळावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करायची असं ठरलं. काम चांगलंच होतं, त्याबद्दल आजही माझं दुमत नाही. मी समितीत होतो. ग्रामसभेत आक्का मागं उभी होती. तिनं विचारलं, "मग शेरडं कुटं न्यायची?" कुणीतरी म्हणालं, "इकून टाक." सगळे हसले. मीही हसलो.

तिनं शेळ्या विकल्या. सगळेच विकायला निघालेले, भाव पडला. तरी श्रमदानाला घमेलं घेऊन ती रोज यायची.

तिसऱ्या वर्षी माळ हिरवा झाला आणि माझ्या विहिरीला दोन परस पाणी वाढलं. मी एकरभर ऊस लावला. कौतुक झालं, पाहुणे बघायला आले. आक्का त्याच उसात खुरपायला होती. दुपारी विहिरीच्या काठावर भाकरी खाताना तिनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "दादा, माज्या शेळ्या तुमच्या हिरीत गेल्या बगा."

रागानं नाही म्हणाली. किराण्याचा हिशेब सांगावा तसं म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. मी मोटर बघायच्या निमित्तानं उठलो.

आमच्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं. माणशी अर्धा एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. तरुणपणी हे ऐकून मी पारावर म्हणालो होतो, "रान नसलेला माणूस पाण्याची काय भाकरी थापणार?" दहावी शिकलेला म्हणून माझ्या बोलण्याला पारावर वजन होतं. आता कळतं, पाण्याचा वाटा हातात असला तर तो जमीनवाल्याच्या दारात मजुरी मागायला नाही, वाट्यानं रान करायला जातो. झाडं जगवा, माती अडवा, हे सगळे सांगतात. पण त्यासाठी पोटाला चिमटा कुणी घ्यायचा आणि वाढलेलं पाणी कुणी उपसायचं, हे नायगावच्या माणसांनी आधी ठरवलं. आम्ही ठरवलंच नाही. निसर्ग करेल वाटणी, असं धरून चाललो.

पुढच्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी मांडल्या. माळावरचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांना, आणि वाढलेल्या पाण्यातही त्यांना वाटा. गवताचं मंजूर झालं. पाण्याचं निघालं तेव्हा ज्यांच्या विहिरी आहेत ते एकेक करून चहाला उठले. एकजण मला म्हणाला, "आबा, आधी तुमची हिर द्या की."

बरोबरच होतं त्याचं. ऊस मोडला, त्या जागी ज्वारी, हरभरा केला. विहिरीजवळचे दहा गुंठे आक्काला चाऱ्यासाठी दिले, पाण्यासकट, वाटा न घेता. थोरल्या पोराला ते अजून पटलेलं नाही. म्हणतो, कागद करून देऊ नका. मीही अजून केलेला नाही, आणि आक्का त्याबद्दल कधी विचारत नाही.

तिच्याकडं आता चार शेळ्या आहेत. बांधूनच चारते. सकाळी विळा घेऊन येते, आधी विहिरीत डोकावते, मग घास कापायला बसते.